पाण्याचा राखणदार

तुये गावच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे शापोरा नदीच्या पैलतीरी बारदेशातील कामुर्ली गाव दिसतो. भरतीची वेळ असेल तर पाणी पूर्वेकडे, डोंगरांच्या दिशेने चढत असते. ओहोटी असेल तर तेच पाणी मोरजीच्या वाटेने परत निघालेले असते. दिवसातून दोनदा समुद्र असा तुयेच्या दारापर्यंत येतो आणि जातो. परगावच्या माणसास ही नदी वाटते. या काठच्या माणसास ती समुद्राचाच एक हात वाटते. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर या काठच्या माणसाचेच म्हणणे सत्याच्या अधिक जवळ आहे.

या नदीला इतिहासही तसाच आहे. सह्याद्रीतून तिळारी या नावाने उतरणारे पाणी कोलवाळवरून वाहत येऊन मुखाशी शापोरा होते. इ. स. १५४३ साली बारदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि पेडणे महाल त्यांच्याकडे आला तो १७८८ साली, सावंतवाडीकरांकडून. मधली जवळजवळ अडीचशे वर्षे ही नदी दोन राज्यांची सीमा होती. देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा देव आणि देवाची माणसे पाणी ओलांडूनच वाचली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर मांडवी ओलांडून डिचोली महालातील नार्वे येथे गेला, आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या समाजाच्या आठवणीत गोव्याचे पाणी हे असे तारणारे पाणी आहे. ज्या पाण्याने आम्हांस तारले त्याचे आम्ही पुढे काय केले, हा या लेखाचा विषय आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका अशिलामुळे. काही वर्षांपूर्वी याच नदीच्या काठचे एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे आले. त्यांच्या खाजनाचा बांध फुटला होता आणि दोन वर्षे शेतात खारे पाणी उभे होते. भात गेले होतेच; आता शेताची मातीही गेली अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांनी हातातील कागदांचे बाड आमच्यापुढे ठेविले. कुळांच्या मंडळाने लिहिले होते की बांध दुरुस्त करणे सरकारचे काम. सरकारी कचेरीने लिहिले होते की ते मंडळाचे काम. मानस ज्याने लिलावात घेतली होती तो म्हणत होता की आपण फक्त मासळीचे पैसे भरले आहेत, बांधाचे नव्हेत. सगळे कागद वाचून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला : "वकीलबाब, हांव दावो कोणाचेर घालूं?"

वकिलाच्या धंद्यात या प्रश्नाचे उत्तर सहसा पाच मिनिटांत सापडते. आम्हांस ते त्या दिवशी सापडले नाही. ते शोधता शोधता आम्हांस चौदा-पंधराशे वर्षे मागे जावे लागले. तीच कथा येथे थोडक्यात मांडीत आहोत.

प्रथम हे पाणी म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. उष्ण प्रदेशातील नदीमुख हे ना धड नदी, ना धड समुद्र. पावसाळ्यात डोंगरचे गोडे पाणी जोराने खाली येते आणि समुद्रास मागे रेटते; उन्हाळ्यात नदी क्षीण झाली की खारे पाणी कित्येक मैल आत शिरते. या चढउतारावर जगण्याची सवय ज्या जीवांस झाली तेच येथे टिकले, आणि जे टिकले ते विपुल झाले. शेवटे, चणक, काळुंद्र, सुंगटे, तिसऱ्या, कालवे ही सारी या संधिप्रदेशाची प्रजा. समुद्रातील कित्येक मासे आणि सुंगटे आपल्या कोवळ्या वयाचे दिवस या उथळ, शांत, चिखलाच्या पाण्यात काढतात. खारफुटीची मुळे त्यांना आसरा देतात आणि खारफुटीची कुजलेली पाने त्यांना अन्न देतात. म्हणून नदीमुख बिघडले म्हणजे केवळ नदी बिघडत नाही. समुद्राचा पाळणा मोडतो. वेंगुर्ल्याच्या वा मालवणच्या बाजारात मासळी कमी आली तर तिचे एक कारण कोठल्या तरी खाडीच्या चिखलात असू शकते.

आमच्या पूर्वजांस हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांनी या पाण्याशी भांडण न करता करार केला, आणि त्या कराराचे नाव खाजन. भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांच्या बांधाने वेढावयाची. बांधाच्या बाहेर खारफुटी राखावयाची, म्हणजे लाटेचा पहिला मार ती सोसते. बांधात लाकडी दारांची मोरी ठेवावयाची. तिला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या रेट्याने मानशीची दारे आपोआप बंद होतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात. आतील सखल भागात पाणी साठण्यासाठी पोंय राखावयाची. पावसाळ्यात पाऊस जमिनीतले मीठ धुऊन नेतो, मग त्या शेतात कोरगुटासारखे खारे सोसणारे भात होते. भात निघाले की आत पाणी घ्यावयाचे आणि मासळी धरावयाची. जेथे भात होत नाही तेथे मीठ पिकवावयाचे. तुयेच्या शेजारच्या आगरवाड्याच्या नावातच मिठाचे आगर आहे. अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन गोव्यात आहे. भात, मासळी आणि मीठ ही तिन्ही एकाच पाण्यातून आणि त्या पाण्याला न दुखविता काढण्याची ही विद्या होती.

ही विद्या किती जुनी? बांदोडे येथे मिळालेला कोकण मौर्य राजा अनिर्जितवर्मा याचा ताम्रपट सुमारे सहाव्या शतकातील मानला जातो. त्यात खज्जन भूमीचा उल्लेख आहे आणि खारे पाणी अडवून ती लागवडीस आणण्याची योजना आहे. म्हणजे पोर्तुगीज गोव्यात येण्याच्या सुमारे हजार वर्षे आधी हा शब्द आणि हे काम दोन्ही येथे रुळलेली होती.

पोर्तुगीज आले तेव्हा तिसवाडीच्या बेटांवर गावकारीची व्यवस्था त्यांस आयती दिसली. १६ सप्टेंबर १५२६ रोजी त्यांचे महसुली अधिकारी आफोन्सो मेशिया यांनी गावकारांच्या रूढी ४९ कलमांत लिहवून घेतल्या. हा दस्तऐवज फोराल या नावाने प्रसिद्ध आहे. पुढे अनेक संहिता झाल्या. शेवटची १९६१ सालच्या एप्रिलात, गोवा मुक्त होण्याच्या अवघे आठ महिने आधी निघाली. या साऱ्या कागदांतून वकिलाच्या नजरेला एक धागा ठळकपणे दिसतो. गावाची जमीन सामायिक. ती लिलावाने कसावयास द्यावयाची. मानशीवरील मासळीचा हक्कही लिलावाने द्यावयाचा. आलेल्या पैशांतून आधी सरकारदेणे, देवस्थान, गावची कामे आणि बांध यांचा खर्च, आणि उरेल ते गावकारांत जोण म्हणून वाटावयाचे. क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आधी बांध, मग जोण. ज्याला पाण्यापासून लाभ त्याच्यावरच पाण्याची राखण, हे तत्त्व येथे कोणत्याही कलमाच्या भाषेत न सांगता हिशेबाच्या वहीत उतरविलेले होते.

या व्यवस्थेची आम्हांस आरती ओवाळावयाची नाही. जोण गावकाराची होती आणि चिखलात उतरून बांध घालणारा बहुधा गावकार नव्हता. बांधाच्या कामाला कुणबी आणि इतर कष्टकरी माणसे. वाटणीच्या वेळी मात्र त्यांचे नाव यादीत नाही. पेडण्याकडे तर जमीनधाऱ्याची घडीच वेगळी होती; तेथील कित्येक कुळांना गावकारीची सावलीही मिळाली नाही. तथापि अन्याय होता म्हणून त्या रचनेतले शहाणपण खोटे ठरत नाही. बांध फुटला तर रात्री कोणाला हाक मारावयाची, हे त्या काळी प्रत्येक गावाला ठाऊक होते. बांधावर देवचारास नारळ ठेवण्याची चाल होती. गावाचा राखणदार रात्री सीमेवरून फिरतो ही श्रद्धा होती. श्रद्धेचा राखणदार अदृश्य असेल, परंतु हिशेबाच्या वहीतील राखणदार नावानिशी दाखविता येत होता.

हा दुवा तुटला तो एका दिवसात नव्हे आणि कोणा एकाच्या दुष्टपणामुळेही नव्हे. मुक्तीनंतर १९६४ साली गोव्यात कूळ कायदा झाला. कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, पुढे मालकीही मिळाली. हे न्यायाचेच झाले. बांधांचे काय, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९७५ साली कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम करण्यात आले आणि बांध व मानस यांचा कारभार कुळांच्या मंडळांकडे गेला. कागदावर ही रचना जुन्या रचनेहून अधिक न्याय्य होती. परंतु याच सुमारास सुंगटांना परदेशात भाव आला. मानशीचा लिलाव भाताच्या उत्पन्नाहून मोठा होऊ लागला. लिलाव घेणाऱ्याचे हित पाणी आत ठेवण्यात, शेतकऱ्याचे हित ते बाहेर काढण्यात. आणि शेतकऱ्यांतही निम्म्यांची मुले नोकरीला लागून शेत पडीक राहिलेले. पुष्कळ ठिकाणी बांध फुटले, आणि काही ठिकाणी ते फुटू दिले गेले. पडीक, खाऱ्या जमिनीवर मग भरावाची आणि घरांची नजर पडते, हा क्रम गोव्याने कित्येक ठिकाणी पाहिला आहे.

येथे आमच्या स्वतःच्या समाजाबद्दल एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. कूळ कायद्याला दोष देणे आम्हांस सोयीचे वाटते. परंतु आमच्यापैकी कित्येक घराण्यांनी गाव त्याच्याही आधी सोडला होता. कोणी मुंबईस गेले, कोणी बेळगावास, कोणी पणजीस. जोणेचा हक्क यादीत राहिला, महाजनकीचा हक्क देवस्थानच्या वहीत राहिला; जत्रेला आम्ही आलो, पालखीला खांदा दिला, प्रसाद घेतला आणि परत गेलो. बांध कोठे आहे हे आमच्या मुलांना दाखविण्याचे राहून गेले. लाभ दूरवरून घेता येतो, राखण दूरवरून करता येत नाही. हे वाक्य आम्ही इतरांना उद्देशून लिहीत नाही. आमच्या घरालाही ते लागू आहे.

खाजनांची ही कथा काठावरची. पाण्याच्या मधोमध काय झाले ते पाहावयाचे तर डिचोलीकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून डिचोली, सत्तरी आणि सांगे या भागांतून लोहखनिज परदेशी, मुख्यतः जपानला, जाऊ लागले. एक टन खनिज काढण्यासाठी सुमारे अडीच ते तीन टन माती उपसावी लागते. ती डोंगराच्या कुशीत ढीग करून ठेवलेली. आणि गोव्याचा पाऊस तर सर्वांस परिचित आहे. त्या पावसात तांबडी माती ओढ्यांतून शेतात, शेतातून डिचोली नदीत आणि तेथून मांडवीत उतरली. लईराई देवीचे शिरगाव खाणींनी वेढले गेले आणि तेथील विहिरींचे पाणी खाली गेले. ज्या मांडवीने सप्तकोटीश्वरास पैलतीरी नेले, आणि गोकुळाष्टमीला जिच्या नार्वेकाठी स्नानाची परंपरा आहे, तिच्यातूनच दिवाडी व चोडण बेटांना वळसा घालून खनिजाचे बार्ज मुरगावकडे जात राहिले. त्यांच्या लाटांनी बेटांचे बांध झिजले. गाळाचा परिणाम विषासारखा एका रात्रीत दिसत नाही. गढूळ पाण्यात उजेड खोलवर पोचत नाही, म्हणून पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींची वाढ खुंटते; बारीक माती माशांच्या कल्ल्यांत बसते; तळाशी राहणाऱ्या तिसऱ्या व कालवे गाडली जातात. तिसऱ्या मिळेनाशा झाल्या की लोक म्हणतात, यंदा तिसऱ्या नाहीत. पुढे कोणी तसे म्हणतही नाही.

२०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक खनिज बाहेर गेले. त्यानंतर न्या. शहा आयोगाचा अहवाल आला, २०१२ साली खाणी थांबल्या, आणि २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली संपलेल्या पट्ट्यांवरील खाणकाम बेकायदा ठरविले. २०१८ साली नूतनीकरण केलेले ८८ पट्टेही त्याच न्यायालयाने रद्द केले. पुढे लिलावाच्या मार्गाने काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. खाणींवर कित्येक कुटुंबांची चूल पेटत होती, हे आम्ही विसरत नाही. परंतु न्यायालयाचे दार ठोठावले जाईपर्यंत पन्नासाहून अधिक वर्षे त्या गाळाचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला गेला, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. गावकारीच्या वहीत बांधाचा खर्च पहिल्या पानावर होता. खनिजाच्या वहीत नदीसाठी पानच नव्हते.

नदीतून आता समुद्रावर येऊ. १९७३ साली सांकवाळच्या पठारावर खताचा कारखाना सुरू झाला, आणि १९७४ साली वेळसांवच्या किनाऱ्यावर मेलेल्या मासळीचा खच पडला. कारखान्याच्या सांडपाण्यातील आर्सेनिक, म्हणजे सोमल, याविषयी लोकांत मोठा क्षोभ उसळला. मच्छीमार आणि शेतकरी रस्त्यावर आले. मातान्ही साल्ढाणा यांचे नाव गोव्याला याच लढ्यातून प्रथम ठळकपणे ऐकू आले. जपानात मिनामाता येथे १९५६ साली असेच एक अरिष्ट उघडकीस आले होते. तेथे कारखान्यातून पारा खाडीत गेला, खाडीतून मासळीत, मासळीतून मांजरांत आणि माणसांत. जपानच्या सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. बारा वर्षे लोक तीच मासळी खात होते. मिनामाताच्या मानाने वेळसांवचा घाव लहान. परंतु धडा एकच. समुद्र अथांग आहे, त्यात काहीही विरून जाते, ही समजूत खोटी आहे. किनाऱ्याचे पाणी अथांग नसते. त्यात टाकलेले जीवांच्या अंगात साठत साठत शेवटी टाकणाऱ्याच्या ताटात येऊ शकते.

याच मालिकेतील आणखी दोन गोष्टी प्रत्येक गोमंतकीयाने डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. दूर समुद्रात सांडलेले वा जहाजांनी सोडलेले तेल वारा आणि प्रवाह यांनी आमच्या वाळूवर आणून टाकलेले असते. १९६६ साली स्थापन झालेल्या, दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. परंतु गोळा पायाला चिकटतो तेव्हा तो कोणत्या जहाजाचा हे सांगणारा तेथे कोणी नसतो. दुसरी गोष्ट 'रिव्हर प्रिन्सेस' या जहाजाची. जून २००० मध्ये ते कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतले आणि २०१२ सालापर्यंत तेथेच राहिले. एका बाजूस गोळ्याचा मालक सापडत नाही. दुसऱ्या बाजूस जहाज डोळ्यांसमोर उभे, आणि तरीही ते हलविण्यास बारा वर्षे. दोन्हीकडे निष्पत्ती एकच.

कायदा तोपर्यंत झोपला होता काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. १८६० सालच्या दंडसंहितेत सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण करणाऱ्यास तीन महिने कैद वा पाचशे रुपये दंड सांगितला होता. समुद्राचे नाव त्या कलमात नव्हते. ज्या १९७४ साली वेळसांवला मासळी मेली त्याच वर्षी, २३ मार्च रोजी, जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा देशात झाला. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारपट्टी नियमनाची अधिसूचना. तिच्या २०११ सालच्या आवृत्तीत गोव्यासाठी स्वतंत्र कलमे आली : खाजने आणि त्यांच्या कडेची खारफुटी राखावी, खाजनात बांधकाम होऊ नये, मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग हे कासवांचे किनारे मानावेत. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील कोळंबी-तलावांच्या खटल्यात प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई घेण्याचे तत्त्व लावले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका निकालात ते म्हणाले की नद्या, समुद्र आणि किनारे सरकारच्या हाती आहेत ते मालक म्हणून नव्हे, विश्वस्त म्हणून. वायंगिणी किनाऱ्याच्या वाटेविषयीच्या गोव्याच्याच खटल्यात २००९ साली हे तत्त्व पुन्हा उच्चारले गेले. त्याचे मूळ रोमन कायद्यात आहे. हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ सर्वांचा, असे जस्टिनियनच्या ग्रंथात इ. स. ५३३ साली नोंदले गेले. म्हणजे अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट आणि हे रोमन वचन एकाच शतकातील ठरतात. एक जण सांगतो, पाणी सर्वांचे. दुसरा सांगतो, बांध कोणी घालावा. आमच्या आजच्या कायद्याने पहिले वचन उत्तम पाठ केले आहे. दुसरे मात्र तो विसरला.

आमचा सारा युक्तिवाद एवढाच आहे. आजचा कायदा बहुतांशी 'करू नये' असे सांगणारा आहे. हे सोडू नये, ते बांधू नये, येथे तोडू नये. हे निषेध आवश्यकच आहेत. त्यांच्याविना उरलेलेही गेले असते. परंतु निषेध मोडला तर शिक्षा करणारा अधिकारी नुकसान झाल्यावर येतो. नदीमुखाला रोजची राखण लागते : मानशीचे दार सडले काय, बांधाला खेकड्यांनी भोक पाडले काय, वरच्या अंगाने पाण्याचा रंग बदलला काय, सांडपाण्याची टाकी कोणी रात्री ओढ्यात रिकामी केली काय. हे पाहणारा माणूस नदीच्या काठी राहणारा असावा लागतो, आणि पाहण्यात त्याचे हित असावे लागते. सर्वांचे म्हणून जे घोषित झाले, त्याचा कोणीच राखणदार न उरणे हा आमच्या काळाचा अनुभव आहे.

पेडण्याला हा प्रश्न आज विशेष निकडीचा आहे. तिसवाडी, बारदेश आणि डिचोली यांनी जे सोसले ते सोसण्याची पाळी या तालुक्यावर उशिरा आली. तुये येथे औद्योगिक वसाहत झाली आहे. मोपाच्या पठारावरील विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला आहे. मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यांवर पाहुण्यांची रीघ आहे. उद्योग नकोत, पाहुणे नकोत, असे म्हणणारे आम्ही नव्हे. पेडण्याच्या तरुणाने नोकरीसाठी किती पिढ्या गाव सोडावयाचा? परंतु मोरजीच्या वाळूत रात्री अंडी घालावयास येणाऱ्या कासवीचे उदाहरण पाहा. तिची पिल्ले अंड्यातून बाहेर पडली की अधिक उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे चालू लागतात. युगानुयुगे ते क्षितिज समुद्राचे होते. काठावर दिवे लागले की ती उलट दिशेने, जमिनीकडे चालतात आणि मरतात. येथे कोणी विष टाकले नाही, कोणी कासव मारले नाही. नुसता दिवा चुकीच्या जागी लागला. तो दिवा मालवण्यास पोलीस लागत नाही. सांगणारा शेजारी लागतो. १९९० नंतरच्या दशकात मोरजीची घरटी वाचू लागली ती वनखात्याने गावातीलच माणसांना राखणीस घेतले तेव्हा, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे.

मग आमच्या देवस्थान-समाजाने काय करावे? आम्ही तीन साध्या गोष्टी सुचवितो. पहिली आमच्या घरातली. आमचा गणपती चिकणमातीचा, ही गोव्याची जुनी रीत. प्लास्टरच्या मूर्तीचा स्वस्त मोह देवालाही नको आणि पाण्यालाही नको. निर्माल्य पिशवीसह पाण्यात टाकणे हे विसर्जन नव्हे. दुसरी देवस्थानातली. प्रत्येक महाजन-सभेच्या विषयपत्रिकेवर उत्सवखर्चाबरोबर एक ओळ गावच्या तळीची, ओढ्याची, बांधाची असावी. आमच्या पूर्वजांच्या वहीत ती होतीच. तिसरी कायद्यातली, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला, म्हणजे ग्रामपंचायतीलाही, जैवविविधता समिती नेमण्यास सांगितले आहे. गावातील जीवसृष्टी राखणे आणि तिची नोंदवही करणे हे तिचे काम. म्हणजे राखणदाराची खुर्ची कायद्याने मांडून ठेवली आहे. तीवर बसणारी माणसे हवीत. आणि त्यांत बांध बांधणाऱ्यांच्या घरची माणसे आधी हवीत, ज्यांना जुन्या यादीत जागा नव्हती.

आमच्या त्या अशिलाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख संपवितो. आम्ही त्यांना दावा घालू नका असे सांगितले नाही. तिन्ही ठिकाणी नोटिसा पाठविल्या. उत्तरे आली, ती पूर्वीसारखीच. मध्यंतरी पावसाळा तोंडावर आला. त्यांनी शेजारच्या अकरा शेतकऱ्यांना एकत्र केले, त्यांपैकी दोघे मुंबईहून आले, आणि पंधरवड्यात बांधाचे खिंडार बुजविले. पहिल्या पावसाने मीठ धुतले, दुसऱ्याने आणखी धुतले. तिसऱ्या वर्षी अर्ध्या शेतात कोरगुट उभा राहिला. अर्धे अजून पडीक आहे. नोटिसांचा खर्च देण्यास ते आले तेव्हा आम्ही तो घेतला नाही. कारण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले होते, आम्ही नव्हे. जाताना त्यांनी सांगितले की अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला त्यांच्यातील एक जण आता पाळीने बांधावरून फिरून येतो. पुढच्या पौर्णिमेची पाळी त्यांची होती.